आई हॅझलवर्थला काय करते

क्वीन्सटाउन, सिंगापूर
११ मे २०१४

गार्गीस,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग कागद बदलला. बाबांच्या तेराव्याला तू आलीस आणि दुसऱ्या दिवशी परत गेलीस. त्यानंतर या सहा वर्षांत आपण एकमेकींना वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नाही. आता एकदम प्रिय कुठून आणू?

पत्र का, असं वाटेल तुला. फोन केला की तू स्पीकर लावतेस, आई शेजारी बसलेली असते आणि आपण तिघी हवामानावर बोलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर काही विचारलं तर दोन खुणा दिसतात आणि पुढे काही येत नाही. हे पत्र तू एकटीनं वाचावंस.

"दोन-तीन आठवडे जाऊन येते, तिचं घर तरी बघते." हे आईचे शब्द. त्या हिशेबानं ती एप्रिल संपायच्या आत इथे घरी परत यायला हवी होती. तुझं उत्तर काय, तर 'राहू दे ना ताई, इथे आता कुठे ऊन पडायला लागलंय.' उन्हासाठी सिंगापूर सोडून कुणी इंग्लंडला राहतं का, गार्गी?

आणि ते फोटो. गारगोट्यांचा गोल मनोरा. ठेंगणं, वाकडं दार. गवतात कललेली थडगी. लाकडी छताला चिकटलेले पंखवाले देवदूत. शेताच्या मधोमध उभी असलेली एकच भिंत आणि तिला खिडकीचं भोक. रोज एक चर्च येतंय, आणि एकाही फोटोत आई नाही. हे फोटो काढतं कोण? आई काढत असेल, तर इथे तिला व्हिडिओ कॉल घ्यायलासुद्धा अवनी लागायची. तू काढत असशील, तर तिला शेजारी उभी करून काढायला काय झालं? ती बारीक झालीय का? तिचा चेहरा तुला मला दाखवायचा नाहीये, असं मला वाटायला लागलंय.

तुझ्या हॅझलवर्थला एक पोस्ट, एक पब आणि दिवसातून दोन बसेस. आसपास नॉर्फकची बीटाची शेतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईनं तिथे करायचं काय? तू दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवायला जातेस. तुझा मार्टिन त्याच्या चुन्याच्या बादल्या घेऊन भिंती लिंपायला जातो. मग आई कुठे असते?

इथे तिच्यावाचून काही अडलेलं नाही, गैरसमज नको. अवनी चौदाची आहे, शाळेतून आली की आपलं ताट आपण वाढून घेते. मला हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून यायला उशीर होतो, तोवर ती एकटी असते. इथली पुष्कळ मुलं असतात. रात्रीचं जेवण हल्ली मी खालच्या हॉकर सेंटरमधून आणते. प्रबोधची तक्रार नाही. निदान तोंडानं तरी नाही.

आईच्या तिकिटाची तारीख कळव. दुसरं काही नको.

मेधा


४ जून

गार्गी,

मी आईबद्दल विचारलं आणि तू मला चर्चबद्दल लिहिलंस. पाच पानं!

सेंट बॉटॉल्फचा मनोरा गोल का, तर त्या भागात कोपऱ्याला लावण्याजोगा दगडच मिळत नाही. वरच्या वाटेवरच्या सेंट मार्गारेटमधल्या देवदूतांचे चेहरे साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी फोडले. शेतातली ती भिंत एका मठाची. राजानं मठ मोडला आणि गावकऱ्यांनी त्याचे दगड नेऊन गोठे बांधले. आणि पलीकडे एक चर्च असं, की चर्च राहिलं आणि त्याचं गाव नाहीसं झालं. पाहुण्यांनी ही सगळी एका दिवसात पायी कशी बघावी, त्याचा हातानं काढलेला नकाशाही तू पाठवलास, आणि नकाशावरची अक्षरं आईची आहेत. बुटक्या वेलांट्यांवरून मी ओळखली.

माझी बहीण असं लिहीत नाही. तू आयुष्यात कुणाला पाच पानं लिहिली आहेस? हे तुला कुणीतरी सांगितलं आणि तू उतरवून घेतलंस. वाचताना मला सारखं वाटत होतं, की यात काहीतरी झाकलंय आणि त्यावर ही दगडांची रास घातलीय.

मग तिसऱ्या पानावर ते वाक्य सापडलं. 'सेंट बॉटॉल्फची किल्ली हल्ली आईकडे असते.' दूध आणलं, भाजी आणली, म्हणावं तसं!

हजार वर्षांच्या ख्रिस्ती देवळाची किल्ली साताऱ्याच्या संजीवनी पद्माकर गोडबोल्यांच्या कनवटीला कशी? कुणी दिली? बदल्यात काय मागितलं?

आमच्या ब्लॉकमध्ये स्वप्नाली राहते, इथल्या मराठी मंडळात आमची ओळख झाली. लिफ्टमध्ये तिला सहज बोलले. नको होतं बोलायला. ती म्हणाली, "मेधा, हे असंच सुरू होतं हं. आधी किल्ली, मग रविवारची प्रार्थना, आणि एक दिवस फोन येतो की नाव बदललं." मी हसले, पण घरी येऊन नीट जेवले नाही.

म्हणून सरळ विचारते. आईनं काही विधी-बिधी करून घेतलाय का? ती संध्याकाळी दिवा लावते का? तिथे म्हणे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, मग ती दिवा कधी लावते? मार्टिनचं पोट त्या चर्चच्या भिंतींवर चालतं. तो तिला गाडीत घालून चर्चमागून चर्च दाखवत फिरतो, ते कशासाठी? मी मार्टिनला दोनदाच भेटलेय. दोन्ही वेळा तो फार कमी बोलला.

प्रबोधला पत्र दाखवलं. तो म्हणाला, "बरं आहे की. राहू दे थोडे दिवस."

"तुला कुणी सांगितलं 'राहू दे'? हे गार्गीचे शब्द आहेत."

"अगं, सगळेच असं म्हणतात."

असं म्हणून तो वाळत घातलेले कपडे आत घ्यायला गेला. कपडे ओले होते, तरी घेऊन आला.

मेधा


२९ जून

गार्गी,

काल आईशी बोलले ते तुला माहीतच असेल. तू घरात नव्हतीस असं ती म्हणाली, पण मागे कुणाच्या तरी पावलांचा आवाज येत होता.

ती धापा टाकत होती. मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, चढ चढून आले. लवकर बोल, शनिवार आहे, मला दार उघडायचंय."

"कसलं दार?"

"देवळाचं."

"कुणाच्या?"

"आहे त्यांच्या."

मी विचारलं, "आई, तू बरी आहेस ना? औषधं घेतेस ना? खरं सांग."

"मेधा, बाहेर चार माणसं उभी आहेत. सायकली लावून ताटकळतायत बिचारी. ठेवते मी."

आणि तिनं ठेवला! माझ्या आईनं माझा फोन आपणहून ठेवल्याचं मला आठवत नाही. इथे असताना मी ऑफिसातून फोन केला की ती शेवटी म्हणायची, "अजून काय?" ते दोन-तीनदा म्हणायची. मीच कामात असायचे.

जेवताना हे सांगितलं. म्हटलं, आता बस झालं, मी एअरलाइनला फोन करून तिचं तिकीट अलीकडचं करून घेते. तर अवनीनं मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "बट मम्मा, आजीचं रिटर्न तर पहिल्यापासून सप्टेंबरचंच होतं लाह."

मी प्रबोधकडे बघितलं. तो ताटात भात कालवत राहिला.

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

"आईंनी सांगितलं होतं तसं काढलं." तो म्हणाला. "व्हिसा सहा महिन्यांचा मिळाला, तर पूर्ण राहून येते म्हणाल्या."

"आणि मला दोन-तीन आठवडे?"

"तू जाऊ दिलं असतंस का?"

मी ताटावरून उठले. तर म्हणजे हे असं आहे. तुला माहीत होतं, प्रबोधला माहीत होतं, चौदा वर्षांच्या पोरीलाही माहीत होतं. अवनी रोज शाळेतून आल्यावर आजीशी बोलते, हेही मला कालच कळलं. मला वाटायचं ती मैत्रिणींशी बोलते म्हणून दार लावून घेते. मी एकटी या घरात तारखा मोजत बसले होते, आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे एकमेकांना खुणा करत होतात.

आईला सहा महिने राहायचं होतं, तर मला सांगायचं. मी काय राक्षसीण आहे? आणि ज्या बाईला सहा महिने राहायचंय, ती हे आपल्या मुलीपासून का लपवते? इतकं लपवण्याजोगं तिथे काय आहे? याचं उत्तर मला तुझ्याकडून मिळणार नाही, हे आता माझ्या लक्षात आलंय. ते मी माझ्या पद्धतीनं मिळवीन.

मेधा


२७ जुलै

गार्गी,

हो, धनेशला मी पाठवलं. आईनं तुला सांगितलंच असेल, तेव्हा नाकारत नाही.

माझं कामच आहे जहाजांवर माणसं पाठवायचं. प्रबोधच्या या चुलतभावाचं जहाज तुमच्याकडच्या फेलिक्स्टो बंदराला लागणार हे मला कळलं, आणि मी त्याला म्हटलं, एक दिवस सुट्टी मिळाली तर एवढं कर. गार्गीच्या घरी जाऊ नकोस, कुणाला ओळख देऊ नकोस, नुसतं बघून ये. तो म्हणाला, "वहिनी, मी इंजिन रूममधला माणूस, मला हेरगिरी जमणार नाही." तरी गेला बिचारा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्याकडे जेवून गेला होता, तेवढीच आईची त्याची भेट. आता त्यानं दाढी ठेवलीय. मला वाटलं, आई ओळखणार नाही.

त्यानं फोनवर सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. तुझी बाजू आणि त्याची बाजू जुळते का ते मला बघायचंय.

आगगाडी, मग बस, मग पायी. चर्चचं दार सताड उघडं. दाराशी टेबल, टेबलावर थर्मास, आणि खुर्चीत आई. सहावारी साडी, वर मार्टिनचा पावसाळी कोट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिनं त्याच्याकडे बघून इंग्रजीत म्हटलं, "वेलकम. माइंड द स्टेप."

आणि मग तिनं त्याला सगळं चर्च दाखवलं. इंग्रजीत! आधी दगडी कुंड, त्यावर कोरलेले सिंह. मग भिंतीतली तिरकी फट, जिच्यातून महारोगी बाहेर उभे राहून आतली पूजा बघायचे. मग दारासमोरच्या भिंतीवरचं चित्र. कित्येक वर्षं चुन्याखाली दडलेलं, आता अर्धंमुर्धं दिसतं. एक धिप्पाड माणूस, खांद्यावर लहान बाळ, पायाशी नदी, नदीत मासे. तिथे एक म्हातारं जोडपंही होतं. आई त्या तिघांना म्हणाली, हा सेंट क्रिस्टोफर, वाटसरूंना सांभाळणारा. याच्या खांद्यावरचं बाळ म्हणजे देव आहे, हे याला नदीच्या मध्यावर कळतं. आमच्याकडेही एक बाप असाच बाळ डोक्यावर घेऊन पुराच्या नदीतून गेला. त्याला आधीपासून माहीत होतं, म्हणून त्याला जास्त भीती वाटली असेल.

ते जोडपं, धनेश म्हणाला, पुष्कळ वेळ चित्राकडे बघत उभं राहिलं. मग त्या बाईनं आईचा हात हातात घेतला.

जोडपं गेल्यावर आई थर्मास उघडत मराठीत म्हणाली, "चहा घे. मेधानं पाठवलंय ना तुला?"

धनेशनं विचारलं, "मावशी, तुम्ही मला कधी ओळखलंत?"

"फाटकातून आलास तेव्हाच. पण म्हटलं, एवढ्या लांबून आलायस तर आधी बघून घे."

किल्लीचंही तिनं त्याला सांगितलं. आधी जी बाई चर्च उघडून बसायची, ती मुलाकडे राहायला गेली. छपरावरचं शिसं चोरीला जातं म्हणून कुणी राखणीला नसेल तर कुलूप घालतात. मे महिन्यात कुलूप पडणारच होतं. मार्टिन भिंत लिंपत होता आणि आई नुसतीच बसलेली होती. ती म्हणाली, मी तरी बसलेलीच असते, तर इथे बसते. एवढंच. कुणी तिला काही मागितलं नाही, पाणी शिंपडलं नाही. दुपारी ती खुर्चीतच विष्णुसहस्रनाम म्हणते. पाद्रीबाई येतात, ऐकत बसतात.

ठीक आहे. तेवढ्यापुरती मी चुकले. स्वप्नालीला सांगितलं नाही अजून.

पण माझं सगळंच चुकलं नव्हतं, हे तुला चांगलं माहीत आहे. धनेशनं तिचा फोटो पाठवलाय. या चार महिन्यांत मी बघितलेला आईचा पहिला चेहरा. हसतेय. गालावर ऊन आहे. आणि डावा हात प्लास्टरमध्ये आहे.

ती चर्चच्या पोर्चच्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं, आणि हे होऊन महिना झालाय. आधीचे फोटो तीच काढत असेल, पण हा महिनाभर फोटोत आई नव्हती ती म्हणून. म्हणून व्हिडिओ कॉलवर अवनीला नुसती भिंत दिसायची. मी तिलाच विचारलं होतं, 'तू बरी आहेस ना?' आणि ती मला बाहेर सायकली लावून उभ्या असलेल्या माणसांचं सांगत होती.

माझा संशय खोटा नव्हता, गार्गी. चुकीच्या जागी होता, एवढंच. मी रजा टाकतेय. ऑगस्टमध्ये येते आणि तिला घेऊन जाते.

मेधा


२४ ऑगस्ट

गार्गी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी तूच लिहिलंस हे कळलं, कारण ते अर्ध्या पानाचं होतं.

'आईनं शपथ घातली होती. म्हणाली, मेधाला कळलं तर ती येऊन मला घेऊन जाईल.' हे वाचून मी कागद खाली ठेवला. मग पुढची ओळ वाचली. तू म्हणतेस तिनं पहिल्याच आठवड्यात, भांडी पुसताना, सांगितलं. 'सिंगापूरला सगळं आहे. फक्त दिवसभर मला कुणी हाक मारत नाही.'

मी तुला सांगते इथे काय आहे. अकराव्या मजल्यावर तिची स्वतःची खोली आहे. एसी आहे. मराठी चॅनल मी मुद्दाम घेतलाय. खाली बाक आहेत, झाडं आहेत. मी तिला एकटीनं खाली जाऊ नकोस म्हटलं, ते का? कारण गेल्या वर्षी ती एकटी गेली आणि हरवली. मार्केटला जाते सांगून गेली, आणि संध्याकाळी फोन आला तो यिशुनहून! बेटाच्या पार उत्तर टोकाला. एमआरटीच्या गाड्या बदलून बदलून तिथे पोचली होती, आणि कुण्या तमिळ बाईच्या फोनवरून बोलत होती. मी ऑफिस सोडून टॅक्सीनं धावले. त्यानंतर तिचं प्रवासाचं कार्ड मी माझ्या पर्समध्ये ठेवलं. कुणीही ठेवलं असतं.

हे सगळं मी परवा तिलाही फोनवर ऐकवलं. मी विचारलं, "तू हरवलीस त्या दिवशी माझं काय झालं असेल, याचा विचार केलास कधी?"

तिनं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी हरवले नव्हते, मेधा."

"म्हणजे?"

"मी बघायला गेले होते. नकाशात लाल रेघ होती, ती कुठपर्यंत जाते ते बघायचं होतं. वाटेत खिडकीतून झाडी दिसली, तळं दिसलं. उतरले, जेवणाच्या गाळ्यावर इडली खाल्ली. मग वाटलं, तुला सांगावं की मी इथवर आले. आनंदानं फोन केला होता."

"मग मी आले तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू रडत होतीस. म्हटलं, हरवले असंच असू दे. तुला तेच सोपं जाईल."

मग ती म्हणाली, "बरं, ठेवू? मनगटाला व्यायाम द्यायचाय. गार्गी ओरडते."

तू तिच्यावर ओरडतेस हे ऐकून मला बरं वाटलं, हे उगाच कळवतेय.

मी येत नाहीये. ऑफिसात दोघे जण सुट्टीवर आहेत, रजा मिळाली नाही, असं तिला सांग. मिळाली होती. ते सांगू नकोस. सप्टेंबरअखेर व्हिसा संपला की तिला यावंच लागेल, आणि तोवर तिच्या दारात सायकली लावून माणसं उभी असतील तर मी मधे येऊन काय करू? फक्त पायऱ्यांना कठडा बसवता येतो का ते मार्टिनला विचार. प्राचीन पायरी आहे, हात लावता येत नाही, असली उत्तरं मला नकोत.

एक विचारायचं आहे. तिनं तुला माझ्याबद्दल अजून काय काय सांगितलं? चांगलं काही सांगितलं का? नसेल तर सांगितलं असं लिहू नकोस. मला कळेल.

मेधा


१९ ऑक्टोबर

गार्गी,

आई काल इथून गेली.

सुरुवातीपासून सांगते. चांगीला ती चाकांच्या खुर्चीतून येईल म्हणून मी काचेपाशी खुर्च्या बघत उभी होते, आणि ती बाजूच्या दारानं चालत बाहेर आली. मनगट किंचित वाकडं राहिलंय. काळवंडलीय. अवनीनं तिच्या गळ्यात उडीच मारली. मी बॅग हातात घेतली. मला वाटतं तीही अवघडली होती, कारण ती माझ्याशी पहिलं वाक्य इंग्रजीत बोलली. "माइंड द स्टेप," मी सरकत्या जिन्याकडे न बघता निघाले होते म्हणून.

तिचा इथे राहायचा पास या महिन्यात संपत होता. नूतनीकरणाचं सगळं मी तयार ठेवलं होतं. एका सकाळी डोसा करता करता ती म्हणाली, "ते भरू नकोस."

"म्हणजे परत गार्गीकडे?"

"तिकडे कायमचं कुठे राहू देतात? आणि राहू दिलं असतं तरी नसते राहिले. साताऱ्याला सविताच्या शेजारची दोन खोल्यांची जागा रिकामी झालीय. मी तिच्याशी बोललेय."

सविता मावशी सत्तर ओलांडलेली, तिचे स्वतःचे गुडघे तू फोटोवरूनच नापास केले होतेस. मी म्हटलं, "आई, तू तिथे एकटी राहणार? काही झालं तर? तुझ्याजवळ असणार कोण?"

आईनं डोसा उलटला. म्हणाली, "मी असेन ना."

मला राग आला, हे तुझ्यापासून लपवत नाही. वाटलं, हेही तुम्ही सगळ्यांनी आधीच ठरवलेलं आहे. प्रबोधकडे बघितलं, तर तो माझ्याइतकाच दचकलेला. हात वर करून म्हणाला, "या वेळी मला खरंच माहीत नव्हतं." अवनी रडायला लागली. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं, हो ना? आईनं शपथेवर सांगितलं, की ती पहिल्यांदा मलाच सांगतेय. मी त्यावर विश्वास ठेवला. बघ, मी शिकतेय.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. मी तिचं कार्ड तिला परत दिलं. तिनं ते घेतलं आणि रोज जेवण झालं की बाहेर पडायला लागली. संध्याकाळी आल्यावर कुठे गेली होती ते सांगायची. मी विचारायचे नाही, ती सांगायची. एका रविवारी म्हणाली, "आज तू चल." बसनं गेलो. कुठल्याशा जुन्या कबरस्तानात, उंच गवतात, चिनी थडग्यांपाशी शीख शिपाई कोरलेले होते, दाढी आणि बंदुकीसकट, राखणीला उभे. मी या शहरात बारा वर्षं राहतेय. मला ती जागा माहीत नव्हती. ती पुढे चालत होती, आणि मी मागे.

तिथल्या एका पायरीवर बसून तिनं मला तुझी गोष्ट सांगितली. बाबा आजारी होते तेव्हा तुझा पासपोर्ट तिकडच्या सरकारी कचेरीत अडकला होता. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो हातात आला, म्हणून तू तेराव्याला पोचलीस. आणि मी तुला दारातच म्हणाले होते, "आता कशाला आलीस?" म्हणून तू काहीच न सांगता दुसऱ्या दिवशी निघालीस.

तू का नाही सांगितलंस? आईला सांगितलंस, मला नाही. मग मी विचार केला, की तेव्हा तू सांगितलं असतंस तर मी मानलं असतं का? नसतं मानलं. मी तुझ्याकडे तो कागद मागितला असता. त्यामुळे यावर आता एवढंच. मला ते कळलंय, हे तुला कळावं.

काल तिला पोचवायला आम्ही तिघं गेलो. धनेशचं जहाज इथल्याच बंदरात होतं, तोही आला, दाढी काढून. आईनं सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या डोक्यावरही फिरवला, मग माझा हात आपल्या त्या वाकड्या मनगटावर ठेवला आणि म्हणाली, "दाब. दुखत नाही आता, बघ." मी दाबलं. खरंच दुखत नसावं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, यावर मी फार भरवसा ठेवू नये, हेही मला या वर्षात समजलंय.

मग ती आत गेली. पासपोर्ट दाखवला, त्या अधिकारी मुलीशी काहीतरी बोलली, ती मुलगी हसली. पलीकडे काचेतून आई दिसत होती. हातात छोटी बॅग, पायात तुझ्याकडचे बूट. मी थांबले. ती वळून बघेल, हात हलवेल, म्हणून प्रबोधलाही थांबवून ठेवलं. ती नीट चालत गेली, वर लावलेल्या पाट्या वाचत वाचत, आणि वळली नाही. कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तरी आम्ही उभेच होतो.

तेव्हापासून मला एक शंका छळतेय, आणि ती फक्त तुलाच विचारता येण्यासारखी आहे. तू चिडू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहूही नकोस. तुझ्याकडून निघाली, तेव्हा ती वळून बघत होती का गं?

तुझी,
ताई